विंचवाचं विष आणि मेंदूतली वीज

हिंगोली जिल्ह्यात लाल विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाही. वसमत, औंढा, कळमनुरीकडे त्याला इंचू म्हणतात. बांधावरच्या दगडांखाली, जळणाच्या आणि गोवऱ्यांच्या ढिगात, मातीच्या भिंतीच्या फटीत तो राहतो. माघ-फाल्गुनात हळद निघते, शिजवून वाळत पडते, आणि ऊन तापू लागलं की तोही बाहेर पडतो. अंधारात ढीग सावरायला घातलेला हात, अनवाणी पाऊल, वाकळेवर झोपलेलं लेकरू, एवढं त्याला पुरतं. शास्त्रीय नाव होटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत तो ब्युथस किंवा मेसोब्युथस टॅम्युलस म्हणून सापडतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा बोटभर लांबीचा तांबूस विंचू.

याच विंचवाच्या विषातल्या एका रेणूने मेंदूच्या गाठीतल्या पेशींचा विद्युत स्वभाव उलगडायला मदत केली. हळदीच्या शिवारात राबणाऱ्या माणसांपर्यंत ही गोष्ट पोचलेली नाही, आणि ती पोचायला हवी असं मला वाटतं. आपल्या शेतातलं विष, आपल्या डॉक्टरचं निरीक्षण आणि परदेशातल्या प्रयोगशाळा इथे एकाच प्रश्नापाशी येतात: पेशीच्या पापुद्र्यातून कोणता क्षार कधी आत जातो, कधी बाहेर येतो, आणि ते बिघडलं की काय होतं?

डॉ. हिंमतराव बावस्कर मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे यायची आणि त्यातली कितीतरी डोळ्यांदेखत जायची. आधी दरदरून घाम फुटायचा, ओकाऱ्या व्हायच्या, हातपाय बर्फासारखे गार पडायचे, रक्तदाब चढायचा. मग छातीत घरघर सुरू व्हायची, तोंडाशी फेस यायचा आणि फुप्फुसात पाणी भरून रुग्ण दगावायचा. गंभीर लक्षणं दिसलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के वाचत नसत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून ही लक्षणं एकामागून एक कशी येतात ते टिपलं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी या रुग्णांना तारते हे त्यांनी दाखवलं आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली उतरलं. २०११ मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रुग्णांवर चाचणी केली. नुसत्या प्राझोसिनवर रुग्ण सावरायला सरासरी जवळजवळ १८ तास लागत होते. त्याला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तेव्हा ८ तास पुरले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन का चालतं, याचं उत्तर चेतातंतूंच्या टोकांशी आहे. लाल विंचवाच्या विषातले काही घटक तिथली सोडियमची दारं उघडली की लवकर मिटू देत नाहीत. चेतातंतू थांबायचं नावच घेत नाहीत, ॲड्रेनॅलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार येतो. प्राझोसिन ती आवळ सोडवतं.

ही दारं म्हणजे आयन चॅनेल. औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. भिंतीच्या एका अंगाला पाणी तुंबलेलं, दुसऱ्या अंगाला पातळी खाली, आणि मधे दारं. दार उचललं की पाणी आपोआप कालव्याला लागतं. जोर पातळ्यांमधल्या फरकाचा असतो. पेशीच्या पापुद्र्याचंही असंच आहे. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम आणि क्लोराइड जास्त. पापुद्र्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात, प्रत्येक दार ठरावीक आयनालाच वाट देतं. दार उघडलं की सेकंदाला लाखो-कोट्यवधी आयन धावतात, आणि विद्युतभार असलेले कण धावले म्हणजे वीज वाहिली. शांत चेतापेशीत आत-बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू उणे. आकडा किरकोळ वाटतो. पण पापुद्रा जेमतेम पाच नॅनोमीटर जाड असतो. तेवढ्या अंतरावर ७० मिलिव्होल्ट म्हणजे मीटरमागे जवळजवळ दीड कोटी व्होल्टचा ताण. विचार, आठवण, हाताचं बोट हलणं, सगळं या ताणाच्या चढउतारावर चालतं.

एकेका दारातून जाणारा प्रवाह मोजणं फार अवघड होतं. जर्मनीत एर्विन नेहर आणि बर्ट सॅकमन यांनी १९७६ मध्ये काचेच्या अतिबारीक नळीचं टोक पेशीच्या पापुद्र्याला चिकटवून ते मोजलं. या पॅच क्लॅम्प तंत्राला १९९१ चं नोबेल मिळालं. पण प्रवाह मोजला तरी तो कुठल्या दारातून आला हे ओळखायला ते नेमकं दार बंद करणारं काहीतरी लागतं, आणि अशी द्रव्यं विंचू, साप, कोळी यांनी कोट्यवधी वर्षांत घडवून ठेवली आहेत. १९९० मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं एक लहानसं प्रथिन वेगळं काढलं. त्याला इबेरिओटॉक्सिन म्हणतात. ते बीके नावाच्या पोटॅशियम चॅनेलच्या बाहेरच्या तोंडाशी बसतं आणि वाट अडवतं. त्याच्या जवळच्या इतर पोटॅशियम चॅनेलना हातही लावत नाही. हा नेमकेपणा मोलाचा ठरला. आज जगभर बीके चॅनेल तपासायचं म्हटलं की इबेरिओटॉक्सिनची कुपी काढली जाते. आता ते कृत्रिमरीत्याही बनतं, विंचू पकडावे लागत नाहीत.

आता मेंदूच्या गाठीकडे येतो. मेंदूत चेतापेशींच्या जोडीला त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी असतात. मोठ्या माणसांत मेंदूतच उगवणाऱ्या कर्करोगाच्या बहुतेक गाठी या घराण्यातल्या, म्हणून त्यांना ग्लायोमा म्हणतात. त्यातली सर्वांत जहाल ग्लायोब्लास्टोमा. पूर्ण वाढलेल्या निरोगी ग्लिया पेशीचं व्होल्टेज उणे ८० ते ९० मिलिव्होल्टच्या आसपास असतं. ग्लायोमाच्या पेशींत अनेकदा ते उणे २० ते ४० एवढंच भरतं. विभागणाऱ्या पेशींचा ताण उतरलेला असतो आणि विभागणीशी त्याचा संबंध असावा, असं क्लॅरेन्स कोन यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं. तेव्हा त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

ते लक्ष वेधलं अमेरिकेत अलाबामा विद्यापीठातल्या हॅराल्ड सॉन्टहायमर यांच्या प्रयोगशाळेने. ग्लायोमा सहसा मेंदूबाहेर पसरत नाही, पण मेंदूतल्या मेंदूत दूरवर घुसतो. शस्त्रक्रियेत दिसणारी गाठ पूर्ण काढली तरी काही पेशी आधीच पुढे गेलेल्या असतात आणि गाठ पुन्हा येते. मेंदूत तर पेशीला सरकायला जागाच नसते. फटी पेशीपेक्षा कितीतरी अरुंद. मग ती जाते कशी? सॉन्टहायमर यांच्या गटाला दिसलं की ग्लायोमाची पेशी आत क्लोराइड साठवून ठेवते. पुढे सरकायचं झालं की क्लोराइडची दारं उघडतात, पोटॅशियमची दारं उघडतात, दोन्ही क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे पाणी. पेशीचं आकारमान सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटतं आणि ती फटीतून आत शिरते. इथलं पोटॅशियमचं दार म्हणजे बीके चॅनेल. ग्लायोमात ते मोठ्या संख्येने आणि जरा वेगळ्या घडणीचं आढळलं. ते तेच आहे ही खात्री करायला वापरलं गेलं आपल्या लाल विंचवाचं इबेरिओटॉक्सिन.

क्लोराइडच्या बाजूलाही विंचूच आला, तो मध्यपूर्वेतला. त्याच्या विषातलं ३६ अमिनो आम्लांचं क्लोरोटॉक्सिन १९९३ मध्ये वेगळं काढलं गेलं. ते ग्लायोमाच्या पेशींना चिकटतं, निरोगी मेंदूला सहसा नाही, हे १९९८ पर्यंत दिसलं होतं. मग त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडून रुग्णांच्या मेंदूत सोडून पाहिलं गेलं. सिएटलमध्ये जिम ओल्सन यांनी त्याला चमकणारं रंगद्रव्य जोडलं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीच्या कडा सर्जनला उजळलेल्या दिसाव्यात. क्लोरोटॉक्सिन नेमकं कशाला चिकटतं यावर मात्र पुढे मतभेद झाले. क्लोराइडच्या दारापेक्षा पेशीवरची दुसरीच प्रथिनं त्याला धरतात असं अनेकांना आढळलं. म्हणजे रेणू उपयोगी ठरला आणि त्याच्या पहिल्या स्पष्टीकरणावर प्रश्नचिन्ह राहिलं. विज्ञानात हे वरचेवर होतं आणि ते लपवू नये.

इथवरची गोष्ट एकेकट्या पेशीची. गेल्या दहा वर्षांत जे कळलं ते त्याहून अस्वस्थ करणारं आहे. २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्ग इथे फ्रँक विंकलर यांच्या गटाने जिवंत उंदरांच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींमधून लांब बारीक धागे निघतात, ते दुसऱ्या पेशींना भिडतात, आणि त्या जोडांतून कॅल्शियमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत जातात. किरणोपचाराने एकट्या पेशी मरतात. जाळ्यात जोडलेल्या टिकून राहतात. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक हायडलबर्गचा, वरुण वेंकटरमणी आणि सहकाऱ्यांचा; दुसरा अमेरिकेतल्या स्टॅनफर्डचा, हम्सा वेंकटेश आणि मिशेल मोन्जे यांचा. दोघांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवली: निरोगी चेतापेशी गाठीतल्या पेशींशी खरेखुरे सायनॅप्स, म्हणजे चेतापेशी एकमेकींना संदेश देतात तसले सांधे, जोडतात. चेतापेशी ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन सोडते, गाठीतल्या पेशीवरची दारं उघडतात, प्रवाह आत शिरतो आणि गाठ वाढते. रुग्णाचा मेंदू विचार करतो, पाहतो, बोलतो, आणि त्याच विजेवर गाठ पोसली जाते.

२०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे न्यूरोसर्जन शॉन हर्व्ही-जम्पर यांच्या गटाने हे माणसांत दाखवलं. जागेपणी शस्त्रक्रिया चाललेल्या रुग्णांना चित्रं दाखवून त्यांची नावं सांगायला लावली आणि मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवले. बोलताना भाषेच्या नेहमीच्या भागासोबत गाठीने व्यापलेला भागही कामाला लागलेला दिसला. आणि ज्यांची गाठ मेंदूशी अशी जास्त जोडलेली होती ते कमी जगले. त्याच वर्षी हायडलबर्गहून आणखी एक निबंध आला. गाठीच्या जाळ्यात थोड्याशाच पेशी स्वतःहून ठेक्यात कॅल्शियमचे ठोके देतात आणि बाकीच्यांना हलवतात, आणि त्यांचा ठेका केसीए३.१ नावाच्या पोटॅशियम चॅनेलवर चालतो. ते बंद केलं तेव्हा उंदरांतल्या गाठींची वाढ मंदावली. त्यासाठी वापरलेल्या द्रव्यांपैकी सेनिकापॉक हे औषध मुळात सिकलसेलसाठी बनलं होतं. विदर्भातली आदिवासी गावं ज्या आजाराने पोळली आहेत, त्याच्यासाठी. सिकलसेलच्या रुग्णांत त्याने हिमोग्लोबिन वाढवलं, पण वेदनेचे झटके कमी केले नाहीत, म्हणून ते मागे पडलं होतं.

हे वाचताना मला सारखी आठवण होते ती फिटची. ग्लायोमाच्या पेशी स्वतःही ग्लुटामेट बाहेर टाकतात आणि आसपासच्या चेतापेशींना भडकवतात. सॉन्टहायमर यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांत हे दाखवलं. म्हणून गाठीचं पहिलं लक्षण पुष्कळदा डोकेदुखी नसून फिट असते. मंद वाढणाऱ्या ग्लायोमात बहुसंख्य रुग्णांना फिट येतात, ग्लायोब्लास्टोमात साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यांना. फिट ही गाठीची विद्युत बाजू आहे. ती दिसते, आवाज करते, माणसाला जमिनीवर पाडते. तिच्याकडे नीट पाहिलं तर गाठ लवकर सापडू शकते.

आणि नेमकं इथेच आपल्या गावांत माणूस अडकतो. चाळिशीतला गडी रानात काम करता करता पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. कुणी चप्पल हुंगायला देतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतं. दोन-चार मिनिटांत तो शुद्धीवर येतो आणि श्रेय चपलेला मिळतं. पुढे ‘फेफरं आहे’, ‘बाहेरचं आहे’, ‘मुलीच्या सोयरिकीत बोलू नका’. महिने निघून जातात. हे अज्ञान म्हणून झटकता येत नाही. फिट बहुतेकदा आपोआप थांबते, म्हणून त्या क्षणी केलेला कुठलाही उपाय खरा वाटतो. करायला हवं ते सोपं आहे: माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये, किती वेळ चाललं ते घड्याळात पाहावं, आणि पाच मिनिटांवर गेलं तर लगेच दवाखाना गाठावा. आयुष्यात पहिल्यांदाच फिट आलेल्या प्रौढ माणसाच्या मेंदूचं स्कॅन व्हायलाच हवं. गाठच निघेल असं मुळीच नाही. आपल्याकडे फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणारे फोड किंवा क्षयाची गाठ हीसुद्धा मोठी कारणं आहेत, आणि ती औषधांनी बरी होतात. स्कॅनशिवाय यातलं काहीच कळत नाही.

ग्लायोमा निघाला तर हिंगोलीचं कुटुंब नांदेड, छत्रपती संभाजीनगर, नाही तर थेट मुंबई धरतं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभं आहे, त्याचं संशोधन केंद्र खारघरला आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेणारी कुटुंबं महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बऱ्याच कर्करोग उपचारांचा खर्च भागतो, पण बुडालेला हंगाम आणि घरच्या जनावरांची आबाळ कुठल्याच योजनेत बसत नाही.

उपचारांचं खरं चित्र सांगायला हवं. ग्लायोब्लास्टोमात २००५ पासून शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी हा क्रम ठरला आहे. ज्या चाचणीने तो ठरवला, तिच्यात नुसत्या किरणोपचारावर मध्यक आयुष्य १२.१ महिने होतं, टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर १४.६. विजेचाच वापर करणारा एक उपचारही आला: डोक्याला पट्ट्या चिकटवून २०० किलोहर्ट्झचं विद्युत क्षेत्र दिवसाचे बहुतेक तास देत राहायचं. २०१७ च्या अहवालात ६९५ रुग्णांमध्ये त्याने आयुष्य १६ वरून २०.९ महिन्यांवर नेलं. फायदा खरा आहे, पण त्याची किंमत आपल्या बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे.

आयन चॅनेलच्या औषधांबद्दल मी आशावादी आहे, पण सावध. फिटवरची औषधं गाठीचीही वीज तोडतील असं वाटणं स्वाभाविक होतं. चार चाचण्यांतल्या १,८६९ रुग्णांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली तेव्हा व्हॅलप्रोएट किंवा लेव्हेटिरासेटॅम घेतल्याने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. ग्लुटामेटची दारं थेट अडवणारं पेरामपॅनेल, गाठीतल्या पेशींचे जोड तोडण्यासाठी मेक्लोफेनामेट, यांच्या चाचण्या जर्मनीत हाती घेतल्या गेल्या. उंदरात जमलेलं माणसात जमेलच असं नसतं. मेंदूच्या गाठींनी हा धडा पुन्हा पुन्हा दिला आहे. म्हणून ‘फिटच्या गोळीने गाठ जिरते’ असं मोबाइलवर आलं तर त्यावर विसंबू नये. हळदीबद्दलही तेच. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण पोटात घेतलेलं हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, आणि हळदीच्या काढ्यासाठी किरणोपचार पुढे ढकलणाऱ्या रुग्णाचं नुकसान भरून येत नाही.

विंचवाचं काम अजून संपलेलं नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकणातल्या आणि दख्खनच्या पठारावरच्या लाल विंचवांचं विष शेजारी ठेवून तपासलं गेलं. जात एकच, पण विषातल्या रेणूंची जुळणी वेगळी निघाली. याचा अर्थ एका ठिकाणच्या विंचवाचं विष वाचून झालं म्हणजे सगळं वाचून झालं असं नाही. एकेका विषात शंभराच्या घरात रेणू असतात, त्यातला एक इबेरिओटॉक्सिन. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथे विंचू चावलेली माणसं येणार आहेत आणि पहिली फिट आलेलीही. दोन्हींची नीट नोंद ठेवायला मोठी यंत्रं लागत नाहीत. कुठल्या गावचा, किती वाजता चावला, घाम कधी फुटला, प्राझोसिन किती वेळात मिळालं. फिट कधी आली, शरीराच्या कुठल्या बाजूने सुरू झाली, स्कॅन किती दिवसांनी झालं, त्यात काय निघालं. पहिल्या तुकडीतली मुलं वॉर्डात उभी राहतील तेव्हा या दोन वह्या तिथे उघडलेल्या असाव्यात, आणि फिटच्या वहीत पहिला झटका आणि स्कॅन यांच्यामधले दिवस महिन्यागणिक कमी होताना दिसावेत.